स्नानकुंडाच्या व जलतरण तलावाच्या पाण्यात क्लोरीन वापरण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या



उन्हाळ्याची सुट्टी व यात्राकाळ जवळ आला, की स्नानाच्या पाण्याचा प्रश्न प्रत्येक देवस्थानासमोर उभा राहतो. काकती, होनगा, कडोली या बेळगावच्या उत्तरेकडील पट्ट्यात विहिरीत पोहण्याची परंपरा फार जुनी आहे. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहावयास शिकलेल्या अनेक पिढ्या येथे आहेत. सौंदत्तीस श्री यल्लम्मा देवीच्या दर्शनास जाणारे भाविक जोगुळबावी येथे स्नान करतात. बेळगाव शहरात गोवावेस येथील तलाव व सुवर्ण जेएनएमसी जलतरण तलाव अशी आधुनिक सोयही आहे. पाणी विहिरीतले असो, कुंडातले असो वा फरशी बसविलेल्या तलावातले असो, एकाच पाण्यात अनेक जण उतरतात तेव्हा एकाचा आजार दुसऱ्यास होण्याचा धोका सर्वत्र सारखाच असतो.

आजवर अशा पाण्यासाठी तुरटी, चुना, मोरचूद, पोटॅशियम परमँगनेट असे उपाय योजले जात, किंवा वर्षाकाठी एकदा उपसा करून गाळ काढला जाई. अलीकडे अनेक ठिकाणी हे उपाय सोडून क्लोरीन वापरण्याचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. तथापि ब्लीचिंग पावडरचे पोते आणून अंदाजाने पाण्यात ओतणे म्हणजे शुद्धीकरण होत नाही. पाणी कसे आहे हे जाणून घेतल्याविना घातलेला क्लोरीन एकतर निरुपयोगी ठरतो, अथवा अपायकारक ठरतो. यास्तव क्लोरीनकडे वळण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात, त्या का कराव्यात आणि त्यांवरून निर्णय कसा घ्यावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

हा विषय आजच का महत्त्वाचा?

नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो व नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यामुळे होणारा आजार अत्यंत दुर्मीळ, परंतु बहुधा प्राणघातक असतो. केरळात २०२४ मध्ये तलावात स्नान केलेल्या मुलांना हा आजार झाल्याच्या घटना घडल्या. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तेथील शासनाने विहिरी व पाण्याच्या टाक्या यांच्या क्लोरीनीकरणाची मोहीम हाती घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटक आरोग्य खात्याने शबरीमलेस जाणाऱ्या यात्रेकरूंना स्नान करताना नाकात पाणी जाऊ न देण्याविषयी सूचना दिली. हा अमीबा पाणी प्याल्याने बाधत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

याहून कितीतरी अधिक प्रमाणात आढळणारे आजार म्हणजे अतिसार, कावीळ, त्वचारोग, कानाचे व डोळ्यांचे विकार. यांपैकी बहुतेकांचे जंतू योग्य प्रमाणातील क्लोरीनने नष्ट होतात. सामू ७.५ व तापमान २५ अंश असताना दर लिटरला १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलाय हा जंतू एका मिनिटाच्या आत मरतो, काविळीचा 'अ' विषाणू सुमारे १६ मिनिटांत व जियार्डिया सुमारे ४५ मिनिटांत निष्क्रिय होतो. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक काळ तग धरू शकतो. म्हणून जुलाब होत असलेल्या व्यक्तीने पाण्यात उतरू नये, हा नियम क्लोरीन असतानाही पाळावा लागतो.

क्लोरीन पाण्यात काय करतो?

ब्लीचिंग पावडर, म्हणजेच गावोगावी परिचित असलेली टीसीएल पावडर, पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतूंचा नाश मुख्यत्वे हे आम्लच करते. परंतु ते पाण्यात एकटे राहत नाही. पाण्यातील लोह, कुजणारी पाने व फुले, तेल, साबण, घाम, मूत्र, शेवाळ या सर्वांशी त्याचा संयोग होतो आणि त्यातच बराचसा क्लोरीन खर्ची पडतो. या खर्चास पाण्याची 'क्लोरीनची मागणी' असे म्हणतात. ही मागणी भागल्यानंतर जो उरतो, त्यास 'उर्वरित मुक्त क्लोरीन' म्हणतात. स्नान करणाऱ्याचे रक्षण हा उरलेला भाग करतो. दोन कुंडे आकाराने सारखी असली, तरी त्यांची मागणी सारखी नसते. शेजारच्या गावात किती पावडर टाकली हे विचारून आपल्या कुंडाचे प्रमाण ठरविता येत नाही, याचे कारण हेच आहे.

पहिला प्रश्न: पाण्यात जीव आहेत काय?

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी विश्वस्तांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. कुंडात मासे, कासवे आहेत काय? असल्यास त्या कुंडात क्लोरीन टाकू नये. दर लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून कमी क्लोरीनही माशांस घातक ठरतो, तर स्नानासाठी त्याच्या दहापट क्लोरीन लागतो. मध्यम मार्ग येथे उपलब्ध नाही. अशा ठिकाणी कुंड दर्शनापुरते ठेवावे व भाविकांसाठी शेजारी नळाच्या किंवा टाकीतील निर्जंतुक पाण्याने स्नानाची स्वतंत्र व्यवस्था करावी. ज्या कुंडाचे पाणी झऱ्याने सतत बदलते किंवा ओढ्यास जाऊन मिळते, तेथेही हाच विचार लागू होतो.

नमुना कसा घ्यावा?

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडून मिळालेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. बाटलीच्या तोंडास व झाकणाच्या आतील बाजूस हात लावू नये. पृष्ठभागावरील तवंग टाळून सुमारे एक फूट खोलीवरून, जेथे लोक प्रत्यक्ष स्नान करतात तेथून पाणी घ्यावे. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, व कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. तलाव नळाच्या पाण्याने भरलेला असेल, तर त्यात आधीच थोडा क्लोरीन असू शकतो. तसे प्रयोगशाळेस कळवून सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागावी. एरवी वाटेत बाटलीतल्या बाटलीत जंतू मरतात व अहवाल खोटा आशादायक येतो. सामू, गढूळपणा व क्लोरीन यांची तपासणी मात्र जागेवरच करावी.

करावयाच्या तपासण्या

१) गढूळपणा. गढूळ पाण्यातील कणांच्या आड जंतू दडतात व क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जलतरण तलावासाठी गढूळपणा ०.५ एनटीयूहून कमी असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक सूचना आहे. जागेवरची सोपी खूण अशी, की सर्वांत खोल ठिकाणी तळाच्या फरशीचे सांधे वरून स्पष्ट दिसले पाहिजेत. बुडणारी व्यक्ती दिसावी म्हणूनही हे आवश्यक आहे. तळ दिसत नसेल, तर आधी उपसा व गाळणी, क्लोरीन नंतर.

२) सामू, म्हणजेच पीएच. ही सर्वांत महत्त्वाची तपासणी होय. सामू ७.२ असता पाण्यातील मुक्त क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग जंतुनाशक आम्लाच्या रूपात असतो. तो ७.५ असता सुमारे निम्मा, ८ असता सुमारे एक चतुर्थांश व ८.५ असता केवळ एक दशांश असतो. म्हणजे पावडर तीच, खर्च तोच, परंतु परिणाम सहापटीने कमी. स्नानाच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ या दरम्यान ठेवावा. जेथे पूर्वी चुना वापरला असेल तेथे तो वर गेलेला, व जेथे तुरटी अधिक पडली असेल तेथे खाली आलेला आढळतो. ब्लीचिंग पावडरने स्वतःच सामू थोडा वाढतो, हे लक्षात ठेवावे.

३) एकूण क्षारता. सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची शक्ती म्हणजे क्षारता. ती दर लिटरला सुमारे ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. कमी असल्यास सामू वरखाली होत राहतो, अधिक असल्यास तो खाली आणणे कठीण जाते.

४) कठीणता. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. तलावासाठी कॅल्शियमची कठीणता सुमारे २०० ते ४०० मिलिग्रॅम योग्य मानतात. ब्लीचिंग पावडरमध्येही कॅल्शियम असल्याने मुळात जड असलेल्या पाण्यात पायऱ्यांवर व नळांत पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण सोयीचे पडते.

५) लोह व मँगनीज. बेळगावच्या पश्चिम भागात जांभ्याची लाल जमीन आहे. लोह असलेले पाणी पंपातून स्वच्छ दिसते, परंतु क्लोरीन पडताच काही वेळात तांबूस होते. यात्रेच्या पहाटे कुंड असे तांबडे झाले, तर भाविकांत घबराट उडेल. यासाठी सोपी परीक्षा अशी: पांढऱ्या बादलीत कुंडाचे पाणी घेऊन त्यात ब्लीचिंग पावडरच्या निवळीचे काही थेंब टाकावेत व तासाभराने रंग पाहावा. रंग पालटल्यास प्रयोगशाळेतून लोहाचे प्रमाण काढून घ्यावे.

६) अमोनिया. मूत्र, घाम, सडलेली फुले व दूध यांपासून अमोनिया तयार होतो. क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तलावाच्या काठी डोळे झोंबविणारा जो उग्र वास येतो, तो पुष्कळदा क्लोरीन अधिक झाल्याचा नसून या क्लोरामाइनचा असतो. अशा वेळी पावडर बंद केली जाते व पाणी आणखी बिघडते. दर लिटरला १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असल्यास तो संपविण्यास व्यवहारात सुमारे १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणून अमोनिया अधिक आढळल्यास पाणी बदलणेच श्रेयस्कर.

७) पूर्वीच्या औषधांचे अवशेष. मोरचूद वापरला असल्यास तांब्याचे प्रमाण तपासावे, अन्यथा दगडावर हिरवे-काळे डाग पडतात. परमँगनेट वापरले असल्यास पाण्यातील ऑक्सिडीकृत मँगनीजमुळे क्लोरीनच्या डीपीडी चाचणीत खोटा गुलाबी रंग येऊ शकतो. तलावात बिग्वानाइड प्रकारचे औषध वापरले असेल, तर त्यावर क्लोरीन मुळीच टाकू नये. पाणी गढूळ होऊन चिकट साका तयार होतो. पूर्वी क्लोरीनच्या स्थिरीकृत गोळ्या वापरल्या असल्यास सायन्युरिक आम्ल तपासावे. ते उन्हाने उडून जात नाही, साचत राहते आणि वाढले की क्लोरीन मंदावतो. यावर पाणी बदलणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

८) जंतूंची तपासणी. दर १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय किती, हे प्रयोगशाळेतून पाहावे. उघड्यावरील स्नानाच्या पाण्यासाठी आपल्या देशात विष्ठाजन्य कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा १०० मिलिलिटरला ५०० व कमाल मर्यादा २,५०० आहे. क्लोरीन घातलेल्या बंदिस्त तलावात मात्र ई. कोलाय आढळताच कामा नये. गावपातळीवर प्राथमिक पडताळणीसाठी एच-टू-एस बाटलीचा उपयोग होतो. ही पद्धत ग्वाल्हेर येथील शास्त्रज्ञांनी विकसित करून १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीतील पाणी काळे झाल्यास विष्ठेचा संसर्ग असल्याची शंका घ्यावी. क्लोरीन सुरू करण्यापूर्वीचा हा अहवाल जपून ठेवावा, कारण नंतर झालेली सुधारणा त्याच्याशीच ताडून पाहावयाची असते.

क्लोरीनची मागणी: हॉरॉक्स चाचणी

मागणी काढण्याची ही जुनी व भरवशाची पद्धत आरोग्य कर्मचाऱ्यांस परिचित आहे. संचात सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचे चमचे, ढवळण्याच्या काड्या, थेंबनळी व स्टार्च-आयोडाइडचे द्रावण असते.

काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे २ ग्रॅम ब्लीचिंग पावडर घेऊन थोड्या पाण्यात कालवावी व खुणेपर्यंत पाणी भरून निवळू द्यावी. सहाही पांढरे कप तपासावयाच्या पाण्याने काठाखाली सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत भरावेत. पहिल्या कपात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे सहाव्यात सहा थेंब टाकून प्रत्येक कप वेगळ्या काडीने ढवळावा. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकावेत व पुन्हा ढवळावे. ज्या कपात प्रथम स्पष्ट निळा रंग येईल, तितके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्यास लागते. तिसरा कप निळा झाल्यास ४५५ लिटरला ६ ग्रॅम. एकाही कपात रंग न आल्यास पाणी फार दूषित आहे किंवा पावडर निकामी आहे, असे समजावे.

या चाचणीत क्लोरामाइनमुळेही निळा रंग येऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष मात्रा दिल्यावर डीपीडी संचाने मुक्त व एकूण क्लोरीन स्वतंत्रपणे मोजावा. जुन्या ओ.टी. चाचणीतील ऑर्थोटोलिडीन हे रसायन आरोग्यास घातक असल्याने डीपीडीचा वापर इष्ट होय.

मात्रेचा हिशेब

समजा, कुंड १० मीटर लांब, ८ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल आहे. त्यात १२० घनमीटर, म्हणजे १,२०,००० लिटर पाणी मावते. तिसरा कप निळा झाला असल्यास सुमारे १ किलो ५८० ग्रॅम पावडर लागेल.

पहिल्या मात्रेनंतर दर लिटरला १ मिलिग्रॅमने क्लोरीन वाढवावयाचा झाल्यास १२० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, त्यामुळे सुमारे ३६४ ग्रॅम पावडर पुरते. हीच पावडर ओलसर खोलीत उघडी राहून २० टक्क्यांवर आली असेल, तर ६०० ग्रॅम लागते. यास्तव पोत्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी, पावडर कोरड्या, थंड व हवेशीर जागी झाकून ठेवावी आणि चाचणीस तीच पावडर वापरावी जी पुढे कुंडात घालावयाची आहे.

प्रत्यक्ष वापर व दक्षता

पावडर बादलीत कालवून निवळू द्यावी व केवळ वरची निवळी कुंडात चोहोबाजूंनी सोडावी. खालचा चुना टाकू नये. हे काम सूर्यास्तानंतर करावे, कारण स्थिरीकरण न केलेला क्लोरीन कडक उन्हात वेगाने नष्ट होतो. पायऱ्या व भिंती आधी घासून शेवाळ काढावे, कारण त्या थरात जंतू व अमीबा सुरक्षित राहतात. निवळी टाकल्यावर किमान अर्धा तास व शक्य तर रात्रभर कोणासही पाण्यात उतरू देऊ नये. सकाळी मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम व सामू ७.२ ते ७.८ असल्याची खात्री झाल्यावरच स्नानास परवानगी द्यावी. यात्रेच्या दिवशी दर दोन-तीन तासांनी पुन्हा तपासणी करून वहीत नोंद ठेवावी.

पावडर हाताळताना हातमोजे, चष्मा व नाकास कापड वापरावे. पाण्यात पावडर टाकावी. पावडरीवर पाणी ओतू नये. ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो. स्थिरीकृत गोळ्या व ब्लीचिंग पावडर एकाच भांड्यात घेऊ नयेत, स्फोटाचा संभव असतो. कुंडाचे पाणी तीर्थ म्हणून प्राशन करण्याची प्रथा असल्यास तीर्थासाठी पिण्यायोग्य पाणी वेगळे ठेवावे. स्नानाच्या पाण्याचे निकष पिण्याच्या पाण्यास लागू होत नाहीत.

तपासण्या पुन्हा केव्हा कराव्यात?

एकदा केलेली तपासणी कायमची नसते. बैलूरजवळ उगम पावून राकसकोपमार्गे काकतीच्या परिसरातून गोकाककडे जाणारी मार्कंडेय नदी उन्हाळ्यात व पावसाळ्यात सारखी नसते. भोवतालच्या विहिरींचेही तसेच आहे. पावसाळ्याच्या आरंभी, पावसाळा संपल्यावर, यात्रेपूर्वी किमान पंधरा दिवस आणि पाण्याचा स्रोत बदलल्यास, या सर्व तपासण्या नव्याने कराव्यात. पंधरा दिवसांची मुदत यासाठी, की अहवाल प्रतिकूल आल्यास उपसा करून पाणी बदलण्यास अवधी मिळावा. यात्रेच्या आदल्या रात्री आलेल्या अहवालाचा काहीही उपयोग होत नाही.

तपासणीचा खर्च हा अनाठायी खर्च आहे, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. वस्तुतः सामूची पट्टी, डीपीडी संच व जंतूंची एक तपासणी यांस लागणारा खर्च एका उत्सवाच्या मांडवाच्या तुलनेत अल्प आहे. दूरवरून आलेले वृद्ध व लहान मुले आपल्यावर विश्वास ठेवून पाण्यात उतरतात. ते पाणी कसे आहे हे विश्वस्तांस ठाऊक असणे, ही त्या विश्वासाची किमान पूर्तता होय.

ज्या देवस्थानांच्या व्यवस्थापनाकडे कुंड, विहीर किंवा तलाव आहे, त्यांनी वरील आठ तपासण्यांचे अहवाल सूचनाफलकावर लावावेत. भाविकांनी साबण, तेल व निर्माल्य पाण्यात न सोडता, आधी नळावर अंग धुऊन मगच कुंडात उतरावे व आजारी असताना स्नान टाळावे, ही नम्र विनंती.